लंगड्या बैलांचा बोजारा

गेली दहा वर्षे मी मागण्याचे काम करते. स्वतःसाठी नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण मला येताना पाहून दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून घेणारे लोक गोंदियाच्या बाजारात अजून आहेत. मी मागते ते लंगड्या बैलांसाठी, आंधळ्या घोड्यांसाठी, लॉरीखाली पाय गेलेल्या गाईंसाठी आणि मालकाने रस्त्यावर सोडून दिलेल्या हेल्यांसाठी. हेला म्हणजे रेडा. आमच्याकडे धानाच्या बांधीत चिखल करायला तो लागतो, आणि बांधीत जन्म काढलेल्या हेल्याचे म्हातारपणही बहुधा चिखलातच जाते.

आमच्या मंडळाला एक लांबलचक नाव आहे, पण ते फक्त छापील कागदावर. कागद छापले तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, आता महाराष्ट्रात आलो; पण कागद संपलेले नाहीत. मी जुने राज्य खोडून नवे हाताने लिहिते. गावाने मात्र पहिल्याच महिन्यात आमचे नाव ठेवले, 'लंगडा दवाखाना', आणि ते सगळ्या राज्यांत टिकले.

माझे यजमान रेल्वेच्या छोट्या लाईनीवर गार्ड आहेत, म्हणून मी गार्डीणबाई. मंडळाचे अध्यक्ष शेठजी एकदा काही कामाने आमच्या क्वार्टरवर आले होते. भिंतीवर दुधाचा, धोब्याचा, यजमानांच्या ड्यूटीचा आणि येणाऱ्या पाहुण्यांचा असे चार तक्ते लावलेले त्यांनी पाहिले. पाहुण्यांच्या तक्त्यात 'कधी जाणार' असा रकाना होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला मंडळाची चिटणीस केले.

या कामाची बाहेरच्यांना कल्पना नसते, म्हणून थोडक्यात सांगते. जनावर पडले की त्याला उठवून आणणे हे अर्धे काम. कोहमाऱ्याच्या नाक्यावर लॉरीने गाय उडवली, सौंदडच्या फाटकाशी वासरू रुळात अडकले, की निरोप येतो. मग बैलगाडी, फळ्या, दोर, आठ माणसे. यजमानांनी एकदा सौंदडहून एक वासरू रीतसर पावती फाडून गार्डाच्या डब्यातून आणले होते आणि ते वाटेत त्यांचा हिरवा बावटा चघळत आले. अशा वेळी मदतीला गाव लोटते. कोणी सांगतो शेपटी धरा, कोणी म्हणतो शिंगे धरा. उरलेले अर्धे काम म्हणजे त्या जनावराला दुसऱ्या दिवसापासून रोज खाऊ घालणे. पहिल्या अर्ध्याला गर्दी जमते, दुसऱ्याला कोणी येत नाही. म्हणून नवनवीन युक्त्या काढून लोकांना दुसऱ्या अर्ध्याची आठवण देत राहणे हाच माझा खरा धंदा.

देणारे तीन प्रकारचे असतात. अमावास्येला पाप फेडायला देणारे, चारचौघांत नाव वाचून दाखवले तर देणारे, आणि ही बाई एकदाची जावी म्हणून देणारे. मला तिसरे आवडतात. ते वेळ घेत नाहीत.

दुसऱ्या प्रकारच्यांसाठी मी पहिल्या वर्षी 'जनावर दत्तक' काढले. जो एका जनावराचा महिन्याचा चारा देईल त्याचे नाव महिनाभर त्या जनावराला. शिवाय बाजाराच्या तोंडाशी एक काळा फळा, त्यावर रोज सकाळी प्रत्येकाची तब्येत. कल्पना निर्दोष होती. शेठजींनी मोठ्या मनाने एक बैल घेतला, आमच्या कार्यकारिणीतल्या वकीलसाहेबांनी एक तांग्याची घोडी घेतली, आणि डॉक्टरांनी एक गाय. डॉक्टर माणसांचे होते, पण हौशी होते.

पहिल्या आठवड्यात गोठ्याचा राखणदार दशरथ सांगत गेला आणि मी फळ्यावर लिहीत गेले:

'शेठजी : कालपासून जुलाब. रवंथ नाही.

वकीलसाहेब : मागचा पाय सुधारतो आहे. काल दोघांना लाथा मारल्या.

डॉक्टरसाहेब : अंगावर माशा फार. धुऊन काढले.'

फळ्यापुढे इतकी गर्दी होऊ लागली की भाजीवाल्यांनी आपल्या टोपल्या तिकडे हलवल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचून दाखवायला एक निवृत्त तलाठी स्वखुशीने उभा राहू लागला, आणि तो 'जुलाब' हा शब्द सावकाश वाची. शेठजींच्या घरी बायका लिंबे घेऊन चौकशीला गेल्या. वकीलसाहेबांच्या एका अशिलाने लाथांचे वाचून वकील बदलला.

शेठजी माझ्याकडे आले तेव्हा आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त म्हटले, "बाई, मेरे को जुलाब नहीं है."

मी म्हटले, "तुम्हांला नाही, शेठजी. बैलाला आहे."

"तो बैल का नाम लिखो ना."

बैलाचे नाव काय, तर तेव्हा तेही शेठजीच होते. शेवटी दशरथची जुनी नावे परत आली. तो प्रत्येक जनावराला एखाद्या हुद्द्याचे नाव देई. तापट, फुरफुरणारा हेला होता तो तहसीलदार. आणि म्हातारा पांढरा बैल होता तो दिवाणजी. हा बैल जन्मभर मीठ आणि रॉकेल दारोदार विकणाऱ्याच्या गाडीला होता, त्यामुळे चालताना प्रत्येक दारापुढे थांबायची त्याला सवय होती. वसुलीला आल्यासारखा उभा राही, आतून कोणी बाहेर येईपर्यंत हलत नसे. दशरथ म्हणे, "सारा वसूल केल्याबिगर दिवाणजी पुढं सरकत नाही, बाई."

दत्तक योजना बुडाली, पण एक झाले. त्या फळ्यामुळे आमचे एकेक जनावर गावाला नावानिशी आणि दुखण्यानिशी ओळखीचे झाले.

त्यानंतर मी स्टेशनवर कागदाच्या लगद्याची गाय बसवली, पोटात पेटी, पाठीवर फट. लोक येता-जाता तिच्या पाया पडत, हळदकुंकू लावत आणि गाडी पकडत. पाठीवरची फट कोणी पाहिलीच नाही. पुढे पावसात ती भिजली आणि प्लॅटफॉर्मवरच्या बकऱ्यांनी तिला संपवले. पेटीत हळदकुंकू निघाले.

आता खऱ्या गोष्टीकडे येते.

आमची जनावरे ज्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, राहत तो एका मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा. मोठा, कौलारू, मागे विहीर. थोरल्या मालगुजारांनी तो आम्हांला तोंडी दिला होता. ते वारले. मालगुजारी सरकारने आधीच काढून घेतली होती. गावे गेली, वाडा आणि कोठे राहिले. मुलगा भैयासाहेब नागपुराहून शिकून आलेला, त्याला घर चालवायचे होते. तेंदूपानाचा एक व्यापारी गोदामासाठी जागा शोधत होता आणि रोख भाडे द्यायला तयार होता. भैयासाहेब आमच्या सभेला स्वतः आले, चहा घेतला, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले की दिवाळीपर्यंत कोठा रिकामा करून द्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तोच रकाना आखला असता.

पण रिकामा करून जायचे कुठे? दुसरी जागा म्हणजे नगरपालिकेचा कोंडवाडा. कोंडवाड्यात ज्याला मालक नाही त्या जनावराचा लिलाव होतो, आणि लंगड्या बैलाला लिलावात घेणारा तो नांगरासाठी घेत नाही. दशरथ जनावरांबरोबर त्याच कोठ्याच्या पडवीत बायकोसह राहत होता. सभा संपल्यावर तो आत गेला आणि गरज नसताना सगळ्यांना पुन्हा पाणी पाजू लागला.

दिवाळीच्या आत स्वतःची जागा घ्यायची तर पैसा उभा करायला एकच मोठा सण हाती होता, पोळा. मी ठरवले की यंदा आमचेही बैल पोळ्यात उभे करायचे. लंगड्यांचा पोळा.

पोळा सगळ्या महाराष्ट्रात होतो, पण आमच्याकडचा बोजारा सगळ्यांना ठाऊक नसेल. तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हणजे यमक जुळवून रचलेल्या आरोळ्या होतात, तोरण तुटते, आणि मग बैल घरोघरी नेतात. बाई बैलाचे पाय धुते, ओवाळते, पुरण खाऊ घालते आणि बोजारा देते. पैसे, धान्य, कोणी धोतर, कोणी शेला. पोळ्याच्या दिवशी दारात आलेला बैल रिकामा परत पाठवणारे घर आमच्या मुलखात मी पाहिले नाही. म्हणजे कोणी नाही म्हणू शकत नाही अशी ही वर्षातली एकच वर्गणी. मी तक्ता केला: कोणता बैल कोणत्या गल्लीत, कोण नेणार, किती वाजता परत. बैल न्यायला शेठजींनी, वकीलसाहेबांनी आपापल्या शेतीवरचे गडी दिले.

पोळा उत्तम झाला. आमच्या एका बैलाला एकच शिंग होते, दुसरे वकीलसाहेबांनी पुठ्ठ्याचे करून बसवले. तोरणाखाली शेजारच्या बैलाने ते शांतपणे खाल्ले. बैल फळ्यावरून लोकांच्या ओळखीचे झालेलेच होते. "हा रवंथ करतो का आता?" "जुलाब थांबले का शेठचे?" असे लोक विचारत होते. आमच्या बैलांना गावच्या पाटलाच्या बैलापेक्षा जास्त पुरण मिळाले. बोजारा किती मिळत होता हे मी गल्लीच्या टोकावरून पाहत होते आणि मनात जागेचा नकाशा काढत होते.

मग कोठ्यावर जाऊन पितळेचे मोठे घंगाळ पुढे ठेवून बसले. एकेक गडी आला, बैल बांधला, रामराम केला आणि गेला. घंगाळात काही पडले नाही. सगळ्यांत शेवटी दशरथ दिवाणजींना घेऊन आला. खांद्यावर नवा शेला होता.

मी विचारले, बोजारा कुठे?

"वाटून घेतला जी."

"कोणी?"

"आमी."

"दशरथ, तो मंडळाचा होता."

"मंडळानं दोर धरला होता का, बाई?" तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "दोर ज्याच्या हाती, बोजारा त्याचा. मालकाचा कसा राहीन? मालकाले बैल हाय ना."

त्याचे खरे होते. बोजारा हा वर्षभर बैलामागे राबणाऱ्या गड्याचा हक्क, मालकाने त्याला हात लावला तर गाव थुंकते. आणि गंमत अशी की हे आम्हां सगळ्यांना माहीत होते. शेठजींच्या, वकिलांच्या घरी दर पोळ्याला हेच होत आले होते. पण मंडळ म्हणजे पुण्यकार्य, आणि पुण्यकार्यात गड्याचा वाटा नसतो, असे सगळ्यांनी परस्पर धरले होते. कोणी कोणाला विचारले नाही. माझ्या तक्त्यात किती वाजता परत हा रकाना होता. कोणाचा बोजारा, हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा. शेठजी म्हणाले की गड्यांकडून परत घेऊ. दशरथची बायको पडवीत शेण सारवत होती, ती मान वर न करता म्हणाली, "घ्या. मंग पुढच्या पोळ्याले बैल तुमीच धरा."

ती टोमणा मारत होती, पण मला त्यात तक्ता दिसला. मी म्हटले, नियम बदलता येत नाही, दोराची माणसे बदलता येतात. आज तान्हा पोळा आहे. कार्यकारिणीने स्वतः दोर धरावा आणि स्वतः बोजारा मागावा. जो मागेल तो त्याचा, आणि त्याने तो मंडळाला द्यावा.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा सण. मुले लाकडी बैलांना चाके लावून घरोघरी ओढत नेतात आणि त्यांना खाऊ, पैसे मिळतात. त्या मुलांच्या रांगेत शेठजी, वकील, डॉक्टर आणि लंगडे बैल. डॉक्टर म्हणाले, माझे पेशंट काय म्हणतील? वकील म्हणाले, कोर्टाला सुट्टी नसती तर बरे झाले असते. शेठजींनी खूप वेळ पगडी हातात फिरवली.

मग ते म्हणाले, "जो बैल कम चलता है, वो मेरे को दो."

त्यांच्या वाट्याला दिवाणजी आले.

दुपारी आम्ही निघालो. वकीलसाहेब काळा कोट घालून आले होते, का ते मी विचारले नाही. दशरथने सगळ्यांना बजावले, "समोरून ओढू नोका जी, बाजूनं चाला. तुमी त्याले नेऊन नाही राहिले, तो तुमाले नेऊन राहिला, असं समजा." आणि तसेच झाले.

पहिल्याच चौकात मुलांनी आम्हांला अडवले. लाकडी बैल कडेवर घेतलेली एक मुलगी शेठजींपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमचा बैल खरा हाय. तुमचा पोळा काल झाला."

मुद्दा बिनतोड होता. वकीलसाहेबांनी थोडा युक्तिवाद केला आणि हरले. शेवटी तडजोड अशी झाली की प्रत्येक दारी आधी मुलांनी मागायचे, मग आम्ही. त्यामुळे आमची वरात अशी निघाली: पुढे चाकांवरचे लाकडी बैल, मागे तीन पायांवर चालणारे खरे, आणि त्यांच्या दोरांना लटकलेली गावातली प्रतिष्ठित माणसे.

हे पाहायला गाव रस्त्यावर आले. बायका दारात ताटे घेऊन तयार, पण कोणी फुकट बोजारा देईना. आधी झडती म्हणा. डॉक्टरांना काही येत नव्हते, त्यांनी औषधांची नावे म्हटली आणि लोकांनी 'हर हर महादेव' केले. वकीलसाहेबांनी मात्र एका कासारणीच्या दारात, घाम पुसत, उभ्या उभ्या रचली:

"कोर्टात बोलतो मी तारखेवर तारीख,
बैलापुढं आज माझं तोंड झालं बारीक;
दे माय बोजारा, मागत नाही फी,
लंगड्या बैलाचा आज वकील मी!"

तो दिवस त्यांच्या वकिलीतला सर्वांत यशस्वी असावा. जो अशील सोडून गेला होता तो त्याच गर्दीत होता आणि पुढच्या आठवड्यात परत आला.

शेठजींना झडती रचावी लागली नाही. दिवाणजी प्रत्येक दारापुढे आपोआप थांबत आणि आतून कोणी आल्याशिवाय हलत नसत. शेठजी, ज्यांच्या दारी आयुष्यभर लोक मागायला आले, ते धोबिणीच्या दारात उभे राहिले, परटाच्या पोरीने त्यांना कुंकू लावले, त्यांनी पदर पसरावा तसे उपरणे पसरले. तिसऱ्या-चौथ्या दारानंतर त्यांचा संकोच गेला. एका घरी बोजारा कमी वाटला तेव्हा ते बैलाला म्हणाले, "दिवाणजी, ठहरो. अभी इनका हिसाब बाकी है."

मागण्याची कला काय असते हे मी त्यांना वर्षानुवर्षे सांगत होते. बैलाने एका दुपारी शिकवली.

फेरीच्या शेवटी मालगुजारांचे घर. ते मी तक्त्यात मुद्दाम घेतले नव्हते, बरे दिसले नसते. पण दिवाणजींचा तक्ता वेगळा होता. ते त्या दारापुढे थांबले. अंगणात सडा टाकलेला, गारवा, वर लिंबाची सावली. आधीच पोटभर पुरण झालेले. त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला, पुढचे गुडघे टेकले, आणि बरोबर उंबऱ्यापुढे बसले.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. म्हातारा बैल एकदा बसला की तो स्वतःच्या मनानेच उठतो. नाही तर पोटाखालून दोर घालून आठ माणसे लागतात, आणि तरी सांधे दुखावण्याची भीती. भैयासाहेब बाहेर आले. बैल उंबऱ्याला टेकून बसलेला, आत जायला वाट नाही, बाहेर यायला वाट नाही, आणि समोर निम्मे गाव. त्यांचा वाड्यावरचा माणूस काठी घेऊन पुढे झाला.

तेवढ्यात आतून आवाज आला, "पोळ्याच्या पाडव्याले बैलाले हात लावशीन, तर माह्या घरात पाय टाकू नोको."

त्या भैयासाहेबांच्या आई, मोठ्या बाई. या घराण्याच्या पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले होते, आणि बाईंचा आवाज अजून तलावाच्या बांधावरून माणसे हाकणाऱ्यासारखा होता. त्यांनी ताट मागवले. उंबऱ्याच्या आतूनच वाकून दिवाणजींना ओवाळले. मग शेठजींकडे पाहिले आणि विचारले की बोजारा काय देऊ.

दिवसभर ज्यांनी हिसाब बाकी ठेवला नव्हता ते शेठजी इथे पसरलेले उपरणे आवरू लागले. भैयासाहेब आईला हळूच म्हणाले की हे लोक कोठ्यासाठी आले आहेत, आणि कोठ्याचे बोलणे झालेले आहे.

"आमी कायले येऊन राहिलो, बैल आला," असे मागून दशरथ म्हणाला. त्याला कोणी विचारले नव्हते.

मोठ्या बाईंनी मुलाकडे पाहिले, मग बैलाकडे. "काऊन रे," त्या म्हणाल्या, "ज्या घरानं गावाले तलाव देले, त्याच्या दारातून बैल रिकामा उठन का? हा जित्ता हाय तवरक कोठा याचा. हा माहा बोजारा."

गर्दी 'हर हर महादेव' ओरडली. चारचौघांत दिलेला बोजारा परत घेता येत नाही. दिवाणजी मात्र त्यानंतरही संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. घरच्या सगळ्या मंडळींना खिडकीतून ये-जा करावी लागली.

बोजारा जमला त्यात मंडळाची जागा येण्यासारखी नव्हती, पण वर्षाचा चारा आला, आणि कोठा राहिला. फक्त त्या एका वाक्यात आमची सगळी गोम होती. 'हा जित्ता हाय तवरक.' दिवाणजी तेव्हाच इतके म्हातारे होते की त्यांच्या दातांवरून वय सांगायला दात उरले नव्हते.

त्या दिवसापासून जिल्ह्यात इतकी बडदास्त कोणत्याही बैलाची नसेल. त्यांचा मी स्वतंत्र तक्ता केला. भरडा भिजवून, धानाचे तणीस, म्हणजे पेंढा, बारीक कापून, थंडीत गोणपाट, उन्हाळ्यात ओले पोते. त्यांना शिंक आली तर डॉक्टर हातातला पेशंट सोडून येत. शेठजी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहत. बैलाचा ताप कपाळावर कळत नाही, पण त्यांना तेवढे केल्याशिवाय गल्ल्यावर बसवत नसे.

आणि दर महिन्याला, बाजाराच्या मंगळवारी, भैयासाहेब येत. दाराशी उभे राहून विचारत, "दिवाणजी कसे आहेत?" पहिल्या वर्षी त्यांचा प्रश्न दिव्यातले तेल किती उरले हे पाहणाऱ्याचा होता. दशरथ मुद्दाम सांगे, "काल तरनेबांड पोरासारखे फिरून राहिले होते जी." भैयासाहेब मान हलवून जात. त्यांना तेंदूपानाचा व्यापारी दर महिन्याला विचारत असे, आणि त्यांच्याजवळ उत्तर फक्त बैलाच्या तब्येतीचे. दुसऱ्या वर्षी व्यापाऱ्याने दुसरी जागा घेतली. भैयासाहेब तरी येत. मग आत येऊन बसू लागले. मग एके दिवशी खिशातून गुळाचा खडा निघाला. तो त्यांनी कोणाला दिसू नये असा दिला, आणि सगळ्यांना दिसला.

मोठ्या बाई दिवाणजींच्या आधी गेल्या. शब्द त्यांचा होता, आणि तो पाळायचा की नाही हे आता फक्त मुलावर होते. त्या महिन्यात मी मंगळवारी कोठ्यावर थांबले आणि मनात सामानाची यादी केली. भैयासाहेब आले. डोके नुकतेच तुळतुळीत केलेले. दाराशी उभे राहून विचारले, "दिवाणजी कसे आहेत?"

त्यानंतर आणखी एक पोळा झाला. मग थंडीत एका सकाळी दिवाणजी उठले नाहीत. दोर नको, आठ माणसे नकोत, हे पाहताच कळले. शेठजींनी दुकान बंद ठेवले. वकीलसाहेब कोट न घालता आले.

मिठाच्या पोत्यासकट दिवाणजींना पुरून झाल्यावर मी घरी गेले, कोठ्याची चावी घेतली आणि परत आले. करार म्हणजे करार. भैयासाहेब पडवीत दशरथच्या बाजेवर बसले होते. मी चावी पुढे केली आणि म्हटले की जनावरे हलवायला आठ दिवस द्यावेत.

त्यांनी चावीकडे पाहिले, घेतली नाही. दशरथला विचारले, "यांच्यानंतर वयानं मोठं कोण?"

दशरथने कोपऱ्यातल्या हेल्याकडे बोट केले. "तहसीलदार हायेत जी."

"तब्येत कशी आहे?"

"एक नंबर."

"किती वर्षं काढील?"

दशरथने हेल्याकडे पाहिले, मग भैयासाहेबांकडे नीट निरखून पाहिले. "तुमच्याहून जास्तच काढीन, जी."

तहसीलदार फुरफुरले. भैयासाहेब उठले, धोतराची धूळ झटकली आणि दाराशी जाऊन थांबले.

"बरं," ते म्हणाले, "मग मंगळवारी येतो."